नावे नकोत, नजर हवी

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एका दालनात रोज एकच दृश्य दिसते. ‘मोनालिसा’समोर माणसांची दाटी झालेली असते, हात उंचावलेले असतात आणि प्रत्येक हातात मोबाइल असतो. या गर्दीत मराठी बोलही कानी पडतात. युरोपच्या सहलीला गेलेली पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची कुटुंबे आता तेथे नवी नाहीत. चित्र जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद. काचेआडचे ते चित्र दुरून टिपले जाते, सहलीचा व्यवस्थापक घड्याळाकडे बोट दाखवतो आणि तांडा पुढे सरकतो. याच गर्दीच्या पाठीशी, समोरच्या भिंतीवर, पावणेसात मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद असे एक प्रचंड चित्र आहे. पावलो व्हेरोनेझे या व्हेनिसच्या चित्रकाराचे ‘काना येथील विवाहभोज’. हे चित्र १५६३ मधले. दालनात येणाऱ्या बहुतेकांची त्याच्याकडे पाठ असते.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? सहलीला गेलेल्या माणसाने कलेचा पंडित व्हावे काय? तसे कोणी म्हणत नाही. परंतु लाखो रुपये खर्चून, वर्षभराची बचत मोडून गेलेल्या कुटुंबाने एका नावाचे छायाचित्र घेऊन परत यावे आणि डोळ्यांनी मात्र काहीच आणू नये, हा व्यवहार तोट्याचा आहे. त्या एकाच दालनात प्रबोधनकालाच्या दोन वाटा समोरासमोर उभ्या आहेत. लिओनार्दोच्या चित्रात कडा धुरकट होत जातात. ओठांची रेषा कोठे संपते आणि गालाची सावली कोठे सुरू होते ते सांगता येत नाही. व्हेरोनेझेच्या चित्रात रंग गातो. रेशीम, सोन्याचांदीची भांडी, वादक, सेवक, कुत्री, संगमरवरी खांब आणि त्यांवर निळे आकाश. एका चित्रात फ्लॉरेन्सची विचारी चौकसबुद्धी आहे, दुसऱ्यात समुद्री व्यापारावर गबर झालेल्या व्हेनिसचे वैभव आहे. एवढा भेद ज्याला दिसला, त्याचे तिकीट वसूल झाले.

हा भेद ओळखणे म्हणजेच शैली ओळखणे. ते अवघड आहे, तो आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांचा प्रांत आहे, अशी एक समजूत मध्यमवर्गीय घरांत दृढ आहे. ती खरी नाही.

एक कथा, तीन शिल्पे

शैली शिकण्याचा सर्वांत सोपा मार्ग तुलनेचा. विषय एकच घ्यावा आणि वेगवेगळ्या काळांतील हातांनी त्याचे काय केले ते पाहावे. स्विस कलेतिहासकार हाइनरिश व्होल्फ्लिन याने १९१५ साली प्रसिद्ध केलेला कलेतिहासाच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ याच पद्धतीवर उभा आहे.

डेव्हिडची कथा घेऊ. ज्यूंच्या धर्मग्रंथातील आणि बायबलच्या जुन्या करारातील हा मेंढपाळ पोर. गोलिएथ नावाच्या धिप्पाड, चिलखतधारी योद्ध्याला तो गोफणीच्या एका दगडाने लोळवतो. ही कथा इटलीच्या तीन शिल्पकारांनी तीन काळांत घडवली.

पहिला दोनातेल्लो. पंधराव्या शतकाच्या मध्याकडे झुकलेल्या काळात त्याने ब्राँझचा डेव्हिड घडवला. युद्ध संपले आहे. पोरसवदा डेव्हिड टोपी घालून, पाय शत्रूच्या छिन्न मस्तकावर ठेवून, स्वतःशीच किंचित हसत उभा आहे. प्राचीन रोमनंतर हजार वर्षांत, चारही बाजूंनी पाहता येईल असा स्वतंत्र उभा, विवस्त्र ब्राँझपुतळा युरोपात घडला नव्हता. मानवी देह हा पुन्हा एकदा अभ्यासाचा आणि सौंदर्याचा विषय झाला, याची ती द्वाही होती.

दुसरा मायकेलअँजेलो. १५०१ ते १५०४ या काळात त्याने पाच मीटरहून उंच संगमरवरी डेव्हिड घडवला. येथे गोलिएथचे मस्तक नाही, कारण युद्ध अजून व्हायचे आहे. खांद्यावर गोफण आहे, भुवया आक्रसल्या आहेत, हाताच्या शिरा तटतटल्या आहेत. देह स्थिर आहे, पण मन निर्णयाच्या क्षणी आले आहे. फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाने हा पुतळा आपल्या राजवाड्याच्या दारात उभा केला. बलाढ्य शत्रूंनी वेढलेल्या छोट्या राज्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसला.

तिसरा बेर्नीनी. १६२३-२४ साली रोममध्ये, पंचविशीच्या या तरुणाने डेव्हिडला ऐन प्रहाराच्या क्षणी पकडले. कंबर पिळली आहे, ओठ दातांखाली घट्ट दाबले आहेत, गोफण ताणली आहे. पुढच्या क्षणी दगड सुटणार. समोर उभ्या राहणाऱ्याला नकळत वाटते की गोलिएथ आपल्या पाठीमागेच उभा आहे. शिल्प आपल्या चौथऱ्याच्या बाहेर येते आणि पाहणाऱ्यालाही युद्धात ओढते. हीच बरोक शैली.

युद्धानंतर, युद्धापूर्वी आणि युद्धात. तिन्ही शिल्पकारांचे कसब वादातीत आहे, परंतु प्रत्येकाने निवडलेला क्षण निराळा आहे, आणि त्या निवडीत त्याचा काळ बोलतो. तीन छायाचित्रे शेजारी ठेवून दहा वर्षांच्या मुलाला विचारावे की यांत फरक काय. तो हे सारे स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो. आरंभीचे प्रबोधन, परिपक्व प्रबोधन आणि बरोक ही नावे नंतर सांगितली तरी चालतात.

चित्रांतही असेच करता येते. मिलानच्या एका मठाच्या भोजनगृहात लिओनार्दोने १४९५ ते १४९८ या काळात ‘अंतिम भोजन’ रंगवले. टेबल पाहणाऱ्याला समांतर आहे, येशू ख्रिस्त बरोबर मध्यभागी आहे, बारा शिष्य तिघातिघांच्या चार गटांत बसले आहेत, आणि छताच्या व भिंतींच्या साऱ्या रेषा ख्रिस्ताच्या मस्तकापाशी एकवटतात. दूरच्या वस्तू लहान होत जाऊन एका बिंदूत मिळाव्यात या गणिताला यथादर्शन म्हणतात. सारे चित्र भूमितीसारखे स्वच्छ आहे. सुमारे शंभर वर्षांनी, १५९२ ते १५९४ या काळात, तिंतोरेत्तोने व्हेनिसच्या सान जोर्जो माज्जोरे चर्चसाठी हाच प्रसंग रंगवला. टेबल तिरके होऊन अंधारात घुसले आहे. टांगलेल्या दिव्याच्या धुरातून देवदूत आकार घेत आहेत. पुढे नोकर-चाकर भांडी हाताळत आहेत आणि ख्रिस्त दूरवर, केवळ प्रभावलयामुळे ओळखू येतो.

या शंभर वर्षांत काय घडले? १५१७ साली मार्टिन ल्यूथरने रोमच्या सत्तेला आव्हान दिले आणि युरोपची श्रद्धा दुभंगली. १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंट येथे कॅथलिक धर्मपरिषद भरत राहिली आणि अखेरच्या वर्षी तिने धार्मिक चित्रांसंबंधी ठराव केला की चित्राने भाविकाला शिकवावे आणि त्याची भक्ती जागवावी. स्वस्थ भूमिती मागे पडली. नाट्य, अंधार आणि प्रकाशाचा झोत पुढे आला. शैली ही चित्रकाराची लहर नसते. समाजाच्या अंतरंगात झालेली उलथापालथ तिच्यातून पृष्ठभागावर येते. म्हणूनच शैली ओळखणारा नकळत इतिहास वाचू लागतो.

शिव्यांची झाली नावे

युरोपीय शैलींच्या नावांचा दबदबा वाटणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. यांतील बरीच नावे मुळात हेटाळणीची आहेत. ‘गॉथिक’ म्हणजे गॉथ या रानटी टोळ्यांचे. उंच टोकदार कमानींच्या मध्ययुगीन वास्तुकलेचे खापर जोर्जो व्हासारीने सोळाव्या शतकात या टोळ्यांवर फोडले आणि प्रबोधनकाळाने पूर्वजांची निंदा करून स्वतःची थोरवी गायिली. ‘बरोक’ हा शब्द ओबडधोबड मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला असे सामान्यतः मानले जाते. १८७४ साली पॅरिसमध्ये काही तरुण चित्रकारांनी स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यांतील क्लोद मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्राचे नाव घेऊन लुई लरुआ या समीक्षकाने साऱ्या प्रदर्शनाची टर उडवली. ज्यांना मराठीत दृक्प्रत्ययवादी म्हणतात त्या ‘इम्प्रेशनिस्ट’ चित्रकारांचे बारसे असे झाले. १९०५ साली भडक रंग वापरणाऱ्यांना ‘फोव्ह’, म्हणजे हिंस्र श्वापदे, म्हटले गेले. १९०८ साली ब्राकच्या चित्रांत केवळ घन ठोकळे आहेत अशी टीका झाली आणि घनवाद हे नाव रुजले.

यातून दोन बोध घेण्यासारखे आहेत. पहिला असा की युरोपचा रसिकही नव्या शैलीपुढे प्रथम गोंधळलाच होता. पिकासोचे चित्र पाहून ‘हे तर आमचा बंडूही काढेल’ असे म्हणणाऱ्या मराठी गृहस्थाने स्वतःला अडाणी समजण्याचे कारण नाही; मात्र त्याने तेथेच थांबूही नये. दुसरा असा की बदलामागे कारणे असतात. १८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि हुबेहूब चेहरा उतरवणे ही चित्रकाराची मक्तेदारी राहिली नाही. १८४१ साली रंग भरून ठेवण्याची कथलाची नळी निघाली आणि चित्रकार कार्यशाळेबाहेर, उन्हात जाऊन रंगवू लागला. मोनेने १८९२ पासून रूआँच्या गॉथिक कॅथीड्रलची दर्शनी बाजू तीसहून अधिक वेळा रंगवली. पहाटेची, दुपारची, धुक्यातली. दगड तोच, प्रत्येक वेळी बदलला तो प्रकाश. मोनेचा विषय तोच होता.

मग कोणत्याही अनोळखी चित्रापुढे काय करावे? नावाची पाटी वाचण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. आकार रेषेने बांधले आहेत की रंगाच्या फटकाऱ्यांत विरघळले आहेत? प्रकाश सर्वत्र सारखा आहे की एका कोपऱ्यातून झोत येतो? अवकाश समोर पडद्यासारखा पसरला आहे की तिरका आत जातो, की मुद्दामच सपाट ठेवला आहे? माणसे स्थिर आहेत की ऐन हालचालीत? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : पैसे कोणी दिले असतील? पोपने, राजाने की दुकानदाराने? सतराव्या शतकातील प्रोटेस्टंट हॉलंडमध्ये चर्चने चित्रे घेणे जवळजवळ थांबवले होते. ग्राहक होता व्यापारी गृहस्थ. म्हणून तेथे दूध ओतणारी दासी, पत्र वाचणारी स्त्री, विटांचे अंगण हे विषय आले. व्हर्मीरच्या खिडकीतून येणारा शांत प्रकाश हा मध्यमवर्गाच्या घरातला प्रकाश आहे. मराठी मध्यमवर्गाला तो परका वाटू नये.

तज्ज्ञांचीही फसगत

अर्थात नजरेचा अहंकार धोक्याचा. व्हर्मीरच्याच नावाने घडलेले प्रकरण बोलके आहे. १९३७ साली आब्राहाम ब्रेडियस या नामवंत डच अभ्यासकाने ‘एमाउस येथील भोजन’ हे नव्याने सापडलेले चित्र व्हर्मीरचे म्हणून जाहीर केले. रॉटरडॅमच्या संग्रहालयासाठी ते मोठ्या रकमेला घेण्यात आले. दुसरे महायुद्ध संपताच १९४५ साली हान व्हान मेगेरेन या चित्रकाराला अटक झाली. राष्ट्राचा ठेवा असलेले व्हर्मीरचे चित्र नाझी नेता गोरिंगच्या हाती जाऊ दिल्याचा आरोप त्याच्यावर होता. देशद्रोहाच्या शिक्षेतून सुटण्यासाठी त्याने कबुली दिली की ते चित्र त्याने स्वतःच रंगवले होते, आणि ‘एमाउस’ही त्याचेच! त्यावर विश्वास बसेना, म्हणून त्याने साक्षीदारांसमोर आणखी एक ‘व्हर्मीर’ रंगवून दाखवला. १९४७ साली त्याला एका वर्षाची शिक्षा झाली; ती भोगण्यापूर्वीच तो वारला.

आज ते चित्र पाहिले तर नवल वाटते की कोणी फसलेच कसे. जड पापण्यांचे, सुकलेले ते चेहरे १९३० च्या दशकातील चित्रपटांची आठवण करून देतात. त्या दशकातल्या माणसांना मात्र ते दिसले नाहीत, कारण ती त्यांच्याच काळाची शैली होती आणि स्वतःच्या काळाची शैली सहसा दिसत नाही. ती श्वासासारखी अंगवळणी पडलेली असते. दुसऱ्याची शैली ओळखण्याचा अभ्यास याचसाठी करायचा असतो. त्याच्या आरशात स्वतःची शैली दिसू लागते.

घरातला युरोप

महाराष्ट्रात हा आरसा पाहायला विमानाचे तिकीट लागत नाही. मुंबईच्या ओव्हल मैदानावर मधोमध उभे राहावे. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर यांच्या टोकदार कमानी, कोरीव दगड आणि आकाशाकडे झेपावणारे मनोरे. पश्चिमेला १९३० च्या दशकापासूनच्या आर्ट डेको इमारती, त्यांच्या आडव्या रेषा, गोलाकार सज्जे आणि हलके रंग. एका बाजूला व्हिक्टोरियन काळाने पुन्हा उचललेले गॉथिक, दुसऱ्या बाजूला मोटारी आणि बोलपटांच्या युगातली आधुनिकता. २०१८ साली हा परिसर जागतिक वारसा यादीत आला. रोज लोकलने चर्चगेटला उतरणाऱ्या किती जणांनी ही दोन शतके समोरासमोर पाहिली असतील? तेथून थोड्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली युरोपीय तैलचित्रे तेथे आहेत.

कुलदेवतेच्या दर्शनाला गोव्यात जाणाऱ्यांनी कवळ्याच्या शांतादुर्गेच्या मंदिराचा घुमट एकदा निरखून पाहावा. अष्टकोनी उंच बैठकीवर उभा घुमट, खिडक्यांची ओळ, कठडे ही रूपे युरोपीय वास्तुकलेतून आली आहेत. गाभारा, सभामंडप आणि दीपस्तंभ मात्र पूर्णपणे आपल्या परंपरेतले. परसत्तेच्या छळातून देव वाचवणाऱ्या समाजाने तिच्याच वास्तुरूपांतले हवे तेवढे घेतले आणि आपल्या देवतेच्या सेवेला लावले.

देवघरातही तेच. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी पिढ्यान्‌पिढ्या पुजल्या गेल्या. त्यांतील गोलाई, पदराच्या चुण्यांवरची सावली, मागे दूर जाणारे निसर्गदृश्य हे सारे युरोपीय अ‍ॅकॅडमिक शैलीचे देणे आहे. सर ज. जी. कलाशाळेच्या परंपरेत वाढलेल्या सावळाराम हळदणकर यांचे, हाताआड दिवा धरलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. एका ज्योतीने उजळणारा चेहरा हा काराव्हाद्जोच्या परंपरेतील चित्रकारांचा, विशेषतः फ्रान्सच्या जॉर्ज द ला तूरचा आवडता विषय. हळदणकरांच्या हाती मात्र ती सांजवातीला दिवा लावणारी मराठी घरातली सून झाली. हे नाते ज्याला दिसत नाही, त्याला हळदणकर निम्मेच दिसतात.

शाळांत या नजरेला स्थान काय? चित्रकलेचा तास गणिताच्या उजळणीला दिला जातो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुले बसतात, पण पालकांची चौकशी बहुधा दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांपुरती असते. हात थोडाफार घडतो, डोळा मात्र तसाच राहतो. महिन्यातून एक तास दोन चित्रे भिंतीवर शेजारी लावून मुलांना केवळ बोलू दिले, तर त्यासाठी ना अनुदान लागेल ना नवा अभ्यासक्रम. ही गोष्ट घरीही रविवारी सकाळी करता येते.

दुसऱ्याच्या कलेकडे कसे पाहावे, याचे दोन नमुने युरोपनेच भारतीय कलेच्या बाबतीत दाखवून ठेवले आहेत. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात सम्राज्ञी मारिया तेरेझाच्या काळातील एक दालन आहे. त्याच्या भिंतींवर मोगल लघुचित्रे जडवली आहेत. रोकोको शैलीच्या वळणदार सोनेरी चौकटींत बसावीत म्हणून ती चित्रे कापली, तुकडे जोडले. चौकट शोभिवंत झाली, चित्र जायबंदी झाले. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी अ‍ॅमस्टरडॅममध्ये रेम्ब्रांटच्या हाती अशीच काही लघुचित्रे आली. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले होते, पन्नाशी आली होती, कीर्ती शिखरावरून उतरली होती. त्या काळात या बुजुर्गाने आशियाई कागदावर शाहजहानच्या दरबारातील चित्रांची वीसहून अधिक रेखाटने केली. ज्याच्या दाट छायाप्रकाशाने युरोप भारला होता, त्याने आपली सावली बाजूला ठेवली आणि बारीक रेषेचा, एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याचा, झग्याच्या घोळाचा विद्यार्थी झाला.

चौकटीच्या मापाने चित्र कापणे सोपे. भारावून जाऊन समोर मान तुकवणेही सोपे. रेम्ब्रांटने त्या दोहोंहून कठीण वाट धरली. स्वतःचे काहीही न गमावता, दुसऱ्याची रेषा जशी आहे तशी पाहिली. पुढच्या वेळी लूव्रच्या त्या दालनात जाणाऱ्या मराठी कुटुंबाने गर्दीतून दोन मिनिटे मागे वळावे. मुलाला व्हेरोनेझेच्या त्या भव्य पंगतीसमोर उभे करावे, पाटी झाकावी आणि एवढेच विचारावे : काय दिसते?